थंड खोली आणि थकलेला नवस

यंदाही ह्यांनी माळ्यावरून कूलर काढला, पत्र्याचा गंज खरवडला, वाळ्याची नवी खस बांधली आणि पहिलं पाणी सोडलं. घरभर तो ओला, मातकट, जरासा गोड वास पसरला, आणि मला राग आला. दरवर्षी येतो. नागपूरच्या लोकांना खसच्या वासानं झोप येते, मला सुनंदाताई आठवतात. मग दिवसभर भांडी जरा जोरात आपटली जातात. हे विचारत नाहीत. उन्हाळा संपला की मी निवते, हे त्यांना ठाऊक आहे.

पण यंदा तो वास घरात मुरायच्या आत सुनंदाताई स्वतःच दारात उभ्या राहिल्या. भर दुपारी, छत्री घेऊन. माझ्या मामीकडून पत्ता काढला म्हणाल्या. आमच्या हुडकेश्वरला अजून रस्ता कमी आणि प्लॉटचे दगडच जास्त, त्यामुळे पायांवर लाल धूळ बसली होती. मी पाणी दिलं. दारी आलेल्या वैऱ्यालासुद्धा मे महिन्यात पाणी द्यावंच लागतं.

"रत्ना," त्या म्हणाल्या, "तुह्या देवीचं देऊळ कोण्या गावाले आहे वं? मले जायचं आहे. नवस राहिला आहे माझा."

पाण्याचा पेला माझ्या हातात होता म्हणून बरं. हात रिकामा असता तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

त्यांची मुलगी तीन वर्षांची. दर उन्हाळ्यात तिला ताप भरतो, आठ-आठ दिवस उतरत नाही. धंतोलीचे डॉक्टर झाले, रक्त तपासलं, फोटो काढले, काही निघालं नाही. उमरेडहून सुनंदाताईंची आई आली. ती हातमागावर आयुष्य घालवलेली बाई. तुटलेला धागा मागं जाऊन शोधायचा असतो, हे तिला माहीत. तिनं लेकीला विचारलं, "कोण्या देवाचं काही राहिलं का वं तुह्याकडून?" आणि लेकीला आठवलं. देवीचं नाव तिला माहीत होतं, चांगलं पाठ होतं. गाव माहीत नव्हतं. त्या नावाच्या देव्या आमच्या तळकोकणात गावोगाव आहेत, आणि नवस बोलला होता तो माझ्या गावच्या देवीला.

"विचार करून सांगते," मी म्हटलं. "रविवारी या."

"यात विचार काय करायचा आहे?"

"रविवारी या, ताई."

त्या गेल्या. मी कूलर बंद केला आणि घामानं निथळत बसून राहिले.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, तेव्हा मला नागपुरात येऊन फार वर्षं झाली नव्हती. शाळा आठवीत सुटली होती. मामा इथं रेल्वेत होते, मामीला बाळंतपणात कोणीतरी हवं होतं, म्हणून मी आले. आईनं एस.टी.त बसवताना एवढंच सांगितलं, "गो, देवीक सांगान जा." मी देवीला सांगून आले. बाळ मोठं झालं तरी मामीनं मला परत धाडलं नाही. महालात टायपिंगच्या क्लासला घातलं. तिचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. इंग्रजी मला समजत नव्हतं, अजूनही बेताचंच समजतं, पण अक्षरं बोटांना कळायची. समोरचा कागद जसाच्या तसा उतरवायचा. माशी मेली असेल तर तीसुद्धा उतरवायची, असं क्लासचे सर म्हणायचे. त्या जोरावर विद्यापीठाच्या कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत मला काम लागलं. संशोधन करणाऱ्यांचे हातानं लिहिलेले कागद यंत्रात भरायचे. कच्ची नोकरी होती, पण मी दर सोमवारी मामाच्या देव्हाऱ्यापुढे साखर ठेवत असे.

ती खोली अख्ख्या आवारात एकटीच थंड होती. यंत्राला गरमी सोसत नाही म्हणून तिथं एसी. बाहेर डांबर वितळायचं, निंबाच्या झाडाखाली कुत्रीसुद्धा नसायची, आणि आत आम्ही मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो. मामीचा जुना तपकिरी स्वेटर मी पिशवीत घालून नेत असे. बसमधले लोक बघायचे, ही बाई उन्हाळ्यात लोकर कुणासाठी नेते. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण धूळ आत नको. थंडगार फरशी, हिरव्या अक्षरांचे पडदे, आणि एक अखंड घूं घूं आवाज.

तिथं काय संशोधन चालायचं हे मला प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी एकदा सांगितलं होतं. आमचं यंत्र तारेनं दुसऱ्या इमारतीतल्या यंत्राला जोडलं होतं. तार निंबाच्या फांद्यांतून जायची, खारी तिच्यावरून पळायच्या. सर म्हणाले, या तारेतून चोर येऊ शकतो.

"तारेतून माणूस कसा येईल, सर?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "दारावर कोणी आलं तर आपण नाव विचारतो ना? यंत्रही विचारतं. नाव आणि परवलीचा शब्द. दोन्ही जुळले की दार उघडतं."

"आणि नाव भलत्याचंच सांगितलं तर?"

"तोच तर प्रश्न आहे. त्याच्यावरच या लोकांना पदव्या मिळायच्या आहेत."

गंमत अशी, की तारेतल्या चोरासाठी एवढी विद्या खर्ची पडायची आणि खरं दार दिवसभर उघडं. कोण कुठून येऊन बसेल नेम नाही. इतिहासाचे प्राध्यापक पेपर तपासायचा गठ्ठा घेऊन यायचे. कुलसचिवांकडे आलेला कोणी पाहुणा थंड हवेला आणून बसवला जाई. एकदा तर एका बाईंनी दह्याचं विरजण आणून ठेवलं, घरी आंबट होतं म्हणून. विलास म्हणायचा, "सर, याहिले पण परवलीचा शब्द विचारत जा ना." तो आणि सुनंदाताई तिथं सरांच्या हाताखाली संशोधन करायचे. विलास पारशिवनीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. उंच, हसरा, शर्टाच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे.

परवलीच्या शब्दाचीही एक कथा. अक्षय तृतीयेला सरांनी फर्मान काढलं, आज मुहूर्त चांगला आहे, सगळ्यांनी नवे शब्द ठेवा. असा ठेवा की विसरणार नाही आणि कोणाला सांगणार नाही. आता न विसरण्यासारखं आणि तोंडातून उगाच न निघण्यासारखं माणसाजवळ काय असतं? सगळ्यांनी आपापलं कुलदैवत ठेवलं. एकमेकांना न विचारता ठेवलं. सरांची माहूरची रेणुका. विलासच्या घरचे दरवर्षी पचमढीला महादेवाला जायचे. सुनंदाताईंच्या घरची चौंडेश्वरी, तिचा प्रसाद आम्ही सर्वांनी खाल्लेला. महिन्याभरात एकमेकांचे शब्द एकमेकांना आपोआप कळले, कारण त्या खोलीत प्रसाद न खाल्लेला माणूस नव्हता. विद्वानांच्या या घोळाला आम्ही हसत असू. त्यात माझीही देवी होती. तिचं नाव तेवढं कोणाला माहीत नव्हतं. तिचा प्रसाद इतक्या लांब कोण आणणार?

आजही मी ते नाव इथं लिहीत नाही. एकदा पोळले आहे.

थंडीतून उन्हात आणि उन्हातून थंडीत अशी ये-जा अंगाला मानवत नाही. एका दुपारी बसस्टॉपवर मला ऊन लागलं. सुनंदाताई बरोबर होत्या. त्यांनी मला रिक्षात घालून त्यांच्या खोलीवर नेलं. त्या एकट्या राहायच्या. कांद्याचा रस तळपायांना चोळला, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, कैरीचं पन्हं चमच्याचमच्यानं पाजलं. मी तापात बडबडत होते.

"डोळे उघड वं! रत्ना! काहून अशी करून राहिली? इतक्या लांबची पोरगी, तुह्या मायले मी काय सांगू?" आणि मग रडवेल्या आवाजात, "तुह्या देवीचं नाव सांग मले. नवस बोलते."

मी सांगितलं. त्यांनी हात जोडले. "हिले उभी कर, मी येऊन तुही ओटी भरीन," असं माझ्या देखत म्हणाल्या. त्या वेळी त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते खरं होतं. मी शंभर वेळा तपासून पाहिलं आहे, ते खरंच होतं. ते खोटं असतं तर माझा राग इतकी वर्षं टिकला नसता. निव्वळ लबाड माणसावर किती दिवस चिडायचं?

बरी झाल्यावर मी त्यांच्यासाठी काय करू आणि काय नको असं झालं. त्यांचे कागद आधी भरायची. त्यांच्या आवडीची तर्री-पोह्यांची पुडी सकाळी नेऊन ठेवायची. मामी म्हणायची, "ताई ताई करत किती नाचशील?" मला वाटे, जीव वाचवलेल्या माणसापुढे नाचले तर बिघडलं कुठं.

मग बाहेरून परीक्षक यायचे ठरले. संशोधनाची शिष्यवृत्ती एकच होती, आणि ती विलासला की सुनंदाताईंना, एवढाच प्रश्न होता. विलासचं काम पुढं होतं. तारेतून कोण आलं, कोण गेलं, खरं कोण आणि खोटं कोण, हे ओळखायची रीत त्यानं वर्षभर खपून यंत्रात बसवली होती. परीक्षक यायच्या आदल्या दिवशी जेवणाची सुट्टी संपवून तो येऊन बसला आणि त्याच्या पडद्यावर काहीच नव्हतं. सगळं पुसलेलं. पुसणाऱ्याचं नाव यंत्रानं नोंदवून ठेवलं होतं. माझं.

यंत्र नाव नोंदवतं, माणूस नाही. मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत डबा खात होते. पण माझा डबा कोणी पाहिला?

सरांच्या खोलीत मला उभं केलं. खिडकीला खसची ताटी होती, तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. तो वास, म्हणून. विलास भिंतीला टेकून उभा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "माझं वर्ष गेलं वं, रत्ना."

मी म्हटलं, "सर, मी नाही. माझा शब्द मी एकट्या सुनंदाताईंना सांगितला होता. आजारी होते तेव्हा."

सुनंदाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले? मले कायचं आठवते? तापात काय काय बडबडली असन ते." मग सरांकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "जाऊ द्या सर. शिकली नाही ना बिचारी. चुकून दाबलं असन बटन."

सर मला म्हणाले, "शब्द कोणाला सांगायचा नाही, हा पहिला नियम. सांगितलास ना? मग चूक तुझीच. पोलिसात देणार होतो, सुनंदा म्हणते म्हणून सोडतो. उपकार मान तिचे."

माहूरच्या रेणुकेचं नाव अख्ख्या खोलीला पाठ होतं, पण नियम माझ्यापुरता निघाला.

मी बाहेर आले. चपला तापून निखारा झाल्या होत्या. घालून चालू लागले. स्वेटर खुर्चीवरच राहिला.

त्यानंतर मला जे जे वाटलं ते सरळ लिहिते. वाटलं, बादलीभर पाणी नेऊन त्या यंत्रावर ओतावं. वाटलं, खारींनी ती तार कुरतडावी आणि परीक्षकांसमोर सुनंदाताईंची बोबडी वळावी. तसं काही झालं नाही. शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. विलास बँकेत चिकटला आणि पुन्हा या वाटेला आला नाही. सुनंदाताईंचं लग्न ठरलं तेव्हा मामी म्हणाली, "जाऊन ये, उपकार आहेत तिचे तुझ्यावर." मी म्हटलं, "मामी, मी गेले ना, तर उपकार फेडूनच येईन." मामीनं मग आग्रह केला नाही. त्यांना प्राध्यापकी लागली ते पेपरात वाचलं, त्या दिवशी मी सीताबर्डीच्या दुकानात कुणाचा तरी प्रबंध टाइप करत होते. बोटं इतक्या जोरात चालली की दुकानदार म्हणाला, "बाई, मशीन माझी आहे."

चोर म्हटलं असतं तर मी भांडले असते, ओरडले असते. बिचारी म्हटल्यावर माणसानं काय करायचं? तो शब्द मानेवर हात ठेवून खाली बसवतो. वर सगळे म्हणतात, बघ किती मायेनं बसवलं.

पण हे सारं माझं झालं. माझ्यापुरतं असतं तर कदाचित मी गिळलंही असतं. गोष्ट गावी पोचली. आमच्या गावचा एकजण नागपुरात पोस्टात होता, तो गणपतीला गेला आणि सांगून आला, अमक्याच्या मुलीला विद्यापीठातून काढलं, काहीतरी चोरीचं आहे म्हणे. आई देवळात वर्षानुवर्षं पुढे बसायची, देवीच्या उंबऱ्यापाशी, जत्रेत आरतीचं ताट आधी तिच्या हाती यायचं. कोणी तिला उठ म्हटलं नाही. ती आपणच मागे खांबाआड जाऊन बसायला लागली. मी सुट्टीला गेले तेव्हा तिला तिथं पाहिलं. घरी येऊन विचारलं, तर म्हणाली, "पुढे वारा लागता."

मे महिन्यात, कोकणात, वारा लागतो.

आमच्या गावी गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवीपुढे उभा राहून मोठ्यानं सांगतो, हा अमका आलाय, त्याचं हे असं असं झालंय, त्याचा न्याय कर. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं म्हणतात, "व्हय महाराजा." त्या सुट्टीत मला गाऱ्हाणं घालायचं होतं. नाव घेऊन, उमरेडच्या सुनंदेला धर म्हणायचं होतं. देवळापर्यंत गेलेही. पायरीवर मनात आलं, याच बाईनं याच देवीकडे माझा जीव मागितला होता आणि देवीनं तो दिला होता. आता त्याच बाईचं वाईट मी कोणत्या तोंडानं मागू? एकाच बाईची दोन प्रकरणं देवीपुढे, आणि दोन्हींत मी. परत फिरले. राग तसाच घेऊन नागपूरला आले, आणि तो दर उन्हाळ्याला कूलरसारखा माळ्यावरून खाली येत राहिला.

म्हणून त्या आल्या तेव्हा मला आधी आनंद झाला. लपवत नाही. नाव माहीत आहे, वाट माहीत नाही. बस आता नाव घेऊन. शनिवारी रात्रीपर्यंत माझं ठरलं होतं, गाव सांगायचं नाही. देवीचा नवस थकला की देवी आपणच वसूल करते, आपण मध्ये पडू नये. मग ती तीन वर्षांची तापलेली पोर डोळ्यांपुढे यायची. तिचे तळपाय कोण चोळत असेल? आणि कांद्याचा रस चोळणारे तेच हात आठवले, की मला माझाच राग यायचा.

रविवारी त्या आल्या. या वेळी मी कूलर चालू ठेवला.

"सांग ना वं," त्या म्हणाल्या. "रात्री फिर ताप आला पोरीले."

मी सांगितलं. कोल्हापूरपर्यंत गाडी, मग एस.टी., घाट उतरून तालुक्याचं गाव, तिथून दुसरी एस.टी., फाट्यावर उतरून काजूच्या बागेतली पायवाट. त्या मान डोलावत होत्या. पिशवीतून पेन काढायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "थांबा. एक रीत आहे, ती ऐकून घ्या. वेळेवर फेडलेला नवस मानकरी सांगतो. थकलेला नवस असला, तर ज्याचा त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचा. देवळात, सगळ्यांसमोर. कोणासाठी बोललात, तिला देवीनं बरं केलं का, आणि मग इतकी वर्षं का आला नाहीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "सगळं?"

"सगळं. अर्धं सांगितलं तर ओटी घेत नाही आमची देवी."

"तू बनवून त नाही राहिली?"

"मामींना विचारा. त्यांचंही माहेर तिथलंच."

कूलरचं पाणी ठिबकत होतं. सुनंदाताईंनी पेन परत पिशवीत ठेवलं, मग पुन्हा काढलं. "मी ते मुद्दाम..." एवढं बोलून थांबल्या. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं. हुडकेश्वरच्या खोलीत, कूलरच्या आवाजात, आम्ही दोघीच असताना ते सांगून मोकळं होणं फार स्वस्त झालं असतं.

"इथं नको, ताई. तिथं."

"तू येशीन का माझ्यासंगं?"

"नाही. माझी आई आहे तिथं."

त्यांनी गावाचं नाव लिहून घेतलं. दारात छत्री उघडली. चपला तापल्या होत्या, पाय घालताना चटका बसला असावा, कारण त्या क्षणभर एका पायावर उभ्या राहिल्या. मला आतून पाणी आणून त्या गार करता आल्या असत्या. केल्या नाहीत.

त्या जातील की नाही, मला माहीत नाही. कदाचित घाटातूनच परत फिरतील. त्या गेल्यावर मी देव्हाऱ्यापुढे बसले. आमची देवी हजार कोस लांब आहे, पण तिला ऐकू येतं, हे एकदा सिद्ध झालं आहे. इतक्या वर्षांपूर्वी पायरीवरून परत आणलेलं गाऱ्हाणं मी तिथं, मामाच्या घरून आणलेल्या पितळी समईपुढे, मोठ्यानं घातलं. व्हय महाराजा म्हणायला कोणी नव्हतं, ते मीच म्हटलं. म्हटलं, लेकराला सोड. आजच सोड, आईची वाट बघू नकोस. पण आईला तुझ्यासमोर उभी कर. आणि इतक्या मोठ्यानं बोलायला लाव, की खांबाआड बसलेल्या बाईलाही शब्द न् शब्द ऐकू जाईल.